दीड अंश वाकडं

डुलुथला एप्रिलातही सरोवरावर बर्फ असतो.
गॅरेजचं दार मी वीतभर वर ठेवलंय,
तेलाचा वास बाहेर जावा आणि थंडी आत येऊ नये म्हणून.
दोन्ही होत नाही.

शिकंज्यात पितळेची नळी, वर निकेलचा मुलामा.
कुण्या बातमीदाराच्या कॅमेऱ्याची मूठ होती ही,
वर बल्ब फुटायचा, पोटात तीन जाड सेल.
टोलेडोच्या एका बाईनं लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पाठवली,
मोजा परत मागितला नाही.

हिचा मला दिवा करायचाय.
सिनेमातला. बुडत्या जहाजाचा कप्तान
शेवटच्या रिळात उंच धरतो, तो.
तो पेटायचा नाहीच; उजेड बाहेरून टाकलेला,
हे मला फार उशिरा कळलं,
तोवर मी त्याच्या उजेडात म्हातारा झालो होतो.

बाकीचे भाग जमलेत: टगबोटीच्या दाबमापकाची कडी,
स्टोव्हची बेकेलाइटची कळ, गाडीच्या वायपरचं रबर.
आता एकच भोक उरलं. पाच-बत्तीसांश इंच.
कळीच्या स्क्रूसाठी.

पितळ तोंडदेखलं मऊ असतं.
बिटाला धार जास्त असली तर ते बिटालाच ओढून घेतं,
म्हणून धार आधी दगडावर मारायची, थोडी बोथट करायची.
नळीत लाकडाचा खुंटा ठोकायचा, ती चेपू नये म्हणून.
खुंटा घालताना बॅटरी लावून आत पाहिलं, तर
खिळ्यानं कोरलेलं: डब्ल्यू. के., १९४८.
मी बॅटरी विझवली.
पंच हातात घेऊन बराच वेळ नुसता उभा राहिलो.

"उक्की, थांब," आइला म्हणाली.
तिनं चित्र थांबवलेलं, कप्तानाची मूठ पडद्याएवढी मोठी,
आणि पडद्याला कोनमापक लावलेलं.
"भोक सरळ नाहीये. दीड अंश वाकडंय. तसंच पाड."

चाळीस वर्षं मी खनिज वाहणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली.
केसभर सरकलं तरी मुकादम पार्ट माझ्या पायाशी टाकायचा.
आता माझी नात, वय तेरा,
मला वाकडं करायला सांगते, तेही मोजून.

ज्यानं तो पहिला दिवा केला
त्याला उद्या सकाळी सेटवर पोचवायचा असेल.
भूक लागली असेल. उजेड कमी असेल.
मशीनवर केलं नसेल, तिथे वाकडं येतच नाही.
मग मी वडिलांचं हातगिरमिट खाली उतरवलं,
रद्दी नळीवर तीन भोकं पाडून पाहिली.
तिन्ही सरळ.
मनगट ऐकेना.
चौथं मुद्दाम तिरकं धरलं, तर ते इतकं तिरकं आलं
की खोटं वाटलं.

"तू कर," मी म्हणालो.

तिनं कधी गिरमिट धरलेलं नव्हतं.
जीभ दातांत, कोपर बरगडीला टेकवलेलं,
चाक फिरवताना अख्खी आइलाच फिरत होती.
पितळेचा पिवळा कीस मोज्यावर पडत राहिला.
मुलामा कडेला जरासा उचलला गेला.
माझा हात दोनदा पुढे गेला,
दोनदा मी तो खिशात घातला.

बिट आरपार जाऊन लाकडात बसलं.
"चुकलं?" तिनं विचारलं.
मी कोनमापक लावलं, चष्मा बदलून पुन्हा लावलं.
"चुकलं," म्हणालो, "अगदी बरोबर."

आटे मी पाडले. तेवढं तरी माझ्याकडे.
कळ बसली; फिरवली की किंचित डुलते,
पडद्यावर डुलते तशीच असावी.
खुंटा काढला, तेव्हा आतल्या अक्षरांत
थोडा कीस अडकलेला दिसला.
आइला फुंकर घालणार होती.
राहू दे, म्हणालो.
मग काय वाटलं कोण जाणे,
मीच फुंकला.